कापसाची खोली

भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस
आढ्यापर्यंत भरलाय. या खोलीत
टाळी वाजवली तर जागीच मरते.
म्हणून माइक इथंच लावला,
पंचफुला मावशीला गंजीला पाठ टेकवून उभं केलं.
लटारी मावसाजींची पेटी उंबऱ्याबाहेर,
उद्धव डाहुलेचा ढोलक थेट गोठ्यात.
तरी सगळे एकमेकांच्या माइकात शिरलेच.
गावच तसं आहे.

लाइन रात्री बारानंतर येते.
तेव्हा लॅपटॉप उघडून मी
गाण्याचे पदर सोडवत बसतो.
अगदी तळाशी घरघर:
घुग्घुस रोडवरचे कोळशाचे ट्रक.
ते कापले,
तर ढोलकाची धुम्मही त्यांच्यासोबत गेली.
थोडं परत आणलं. ढोलक आला,
मागोमाग दोन ट्रक.

"पेटी आयकूच येत नाई," मावसाजी.
"ढोलकाले काहून दाबलं बे?" उद्धव.
पेटी वाढवली की मावशी बुडते.
मावशी वाढवली की तिच्या श्वासाआड
भात्याची फुसफुस,
चाळीस वर्षांची,
निघता निघत नाही.

मावशी काहीच बोलली नव्हती.
तिच्या कानांवर हेडफोन ठेवला,
बाकी सगळं बंद केलं,
तिचा आवाज तेवढा सोडला.
ती भिंतीकडे बघत राहिली.
"कोन होय थे?"
तुमीच.
"इतकी एकटी गातो मी?"

पुन्हा ऐकलं. पुन्हा. चहा निवला.
मग हेडफोन पदरानं पुसून माझ्या हातात दिला:
"लाव थ्याले मांगून.
पन जरासा दूर ठेव,
आंगनात बसल्यावानी."

तेवढंच केलं.
पेटी तीन खुणा खाली, थोडी डावीकडे,
जिथं ती होतीच.

वणीच्या बाजाराला जाताना ट्रॅक्टरवर लावून पाहिलं.
इंजिनाच्या वर उरली फक्त खंजिरी,
जिच्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती.
वाजवणारा पोरगा ट्रॉलीत झोपलेला.

मंगळवारी भाव आला, कापूस गेला.
दुसरं गाणं धरायला खोलीत शिरलो,
मावशीनं सूर लावला
तर चारी भिंतींनी तो परत केला.
ती दचकली. मग हसली.
मग पुन्हा लावला, मुद्दाम, आणखी मोठ्यानं.

वायर गुंडाळत मी म्हटलं,
आता पुढच्या वेचणीले.
ती आतच.
आ.