शुद्धिपत्र

उदगीरच्या कोर्टासमोर, लिंबाखाली,
टेबलाचा एक पाय विटेवर टेकवून
मी पहिली पुस्तिका लिहिली. सोळा पानं, पाच रुपये.
नाव ठेवलं : 'वारस नोंदीबाबत मार्गदर्शक तत्त्वे'.
झेरॉक्सवाली दैवशाला म्हणाली,
"मॅडम, दार ऱ्हाऊ द्या, चौकटच अंगावर येलालीय."

ती सातवी शिकलेली.
तेव्हापासून प्रत्येक कच्चं पान आधी तिच्या हातात.
ती ओळीखालून बोट चालवते,
बोट अडतं तिथला शब्द मी काढते.
'मयत इसम'वर अडलं. लिहिलं, मेलेला माणूस.
'उपरोक्त'वर इतका वेळ अडलं
की मी अख्खा परिच्छेदच खोडला.
'सबब'वर मात्र ती हसली :
"सबब म्हंजे बहाणा. कोर्ट कशाला बहाणा सांगल?"

खय्यूमभाई खिळे जुळवायच्या काळातले,
आता कॉम्प्युटरपुढे बसतात, चष्मा कपाळावर.
म्हणतात, तहत, मजकूर, मिसल, दरखास्त,
ही सगळी आमच्या घरची पोरं, मॅडम.
निजामाच्या कचेरीत चिकटली, साहेब झाली,
आता घरच्यांनाच ओळख देत नाहीत.

बिरादार साहेबांनी पुस्तिका उभ्यानंच चाळली.
"एवढं सगळं पाच रुपयांत सांगितलंस
तर आपल्याकडं येईल कोण?"
त्या महिन्यात माझ्याकडं तिघंच आले,
त्यातला एक बसस्टँड विचारायला.

चौथी आवृत्ती. दोन हजार प्रती.
पान अकरा, ओळ सहा. मी लिहिलं होतं :
नोटीस मिळाली नाही तरी हरकत घेता येते.
छापलं गेलं :
नोटीस मिळाली तरी हरकत घेता येते.
वाक्य कुठंच लंगडत नव्हतं.
दैवशालाचं बोट त्यावरून सरळ गेलं,
माझी लाल पेन्सिलही.

दोन वर्षांनी हंडरगुळीच्या अंजिराबाई आल्या.
भाजीच्या पिशवीतून पुस्तिका काढली,
अकराव्या पानाचा कोपरा दुमडलेला.
"मला तर नोटीस मिळालीच नव्हती.
मंग हे आपल्यासाठी नसंल, म्हणून ठिवून दिलं."
तोवर भावांनी मधला बांध नांगरून टाकला होता.
त्यांचा आवाज चढला नाही.
चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज लिहायला घेतला.
उशिराचं कारण?
पान अकरा, ओळ सहा.
लिहिणार कोण, तपासणार कोण?
अर्जदाराची वकील.
पेन तिथं थांबलं,
जसं दैवशालाचं बोट थांबतं.
वकील आणि साक्षीदार एका कोटात मावत नाहीत.
वकीलपत्र घेऊन मी रस्ता ओलांडला.
बिरादार साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला,
आणि म्हणाले, "बघ, आला की एक पक्षकार."
मग हसू आवरून त्यांनी अंजिराबाईंसाठी चहा सांगितला.

पिंजऱ्यात मी पहिल्यांदाच उभी राहिले.
सरकारी भाषेत प्रश्न आला :
सदर चूक आपल्या निदर्शनास केव्हा आली?
मी म्हणाले, या बाईंनी दाखवली तेव्हा.

निकाल अजून लागायचाय.
रविवारी मी आणि दैवशाला गावोगाव फिरतो,
चावडी, किराणा, अंगणवाडीचं कपाट,
सापडेल त्या प्रतीत निळ्या शाईनं
दोन अक्षरं घालतो : नाही.
देवर्जनला एका म्हाताऱ्यानं विचारलं,
"एवढ्यासाठी पेट्रोल जाळलं व्हय?"
सहाशे बारा झाल्या. बाकीच्या कुठं आहेत,
कुणाच्या डब्याखाली, कुणाच्या भिंगुळवाण्या रात्री
कोण त्या वाचतंय, कळायला मार्ग नाही.

पाचव्या आवृत्तीची कच्ची पानं काल आली.
दैवशालाचं बोट आता सरळ ओळींवरही अडतं.
"मॅडम, इथं 'नाही' पायजे का नको?"
प्रत्येक ओळीला विचारते.
प्रत्येक ओळीला मी पुन्हा वाचते.