सहावा चिंचोका

थर्ड इलेव्हनला पंच कोण देणार?
जो लवकर आउट होतो, तो कोट चढवतो.
म्हणजे बहुधा मी.

कोट गुडघ्याखाली येतो, डांबरगोळ्यांचा वास मारतो.
उजव्या खिशात सहा चिंचोके.
बाकीचे नाणी वापरतात, कुणी खडे.
माझे लेस्टरच्या बाजारातल्या चिंचेतले,
आमटीसाठी कोळ काढताना बायकोने बाजूला टाकलेले.
चेंडू पडला की एक उजवीकडून डावीकडे,
सहाही गेले की म्हणायचं, "ओव्हर."
एवढंच काम.

सप्टेंबरचा दुसरा शनिवार, मोसमातली शेवटची मॅच,
कुंपणापलीकडे मेंढ्या, त्यांना निकालाशी घेणंदेणं नाही.
शेवटचं षटक, आमची शेवटची जोडी.
धावा होणार नाहीत हे चहालाच कळलं होतं,
आता नुसतं उभं राहायचं.
राहिलो तर ड्रॉ, आणि पुढच्या वर्षी याच डिव्हिजनमध्ये.
समोर क्लाइव्ह. पोस्टमन, एकसष्ट वर्षांचा,
एक गुडघा मार्चमध्ये बसवलेला.

पाचवा चेंडू त्याच्या बॅटला वारा घालून गेला.
कीपरने डोकं धरलं.
त्यांचा तो लालबुंद पोरगा, कॅलम,
रनअपकडे परतताना माझ्यापाशी थांबला.
"किती राहिले?"

त्याने मोजले नव्हते. कुणीच मोजले नव्हते.
कव्हरवरचा एकजण तर
हस्तांदोलनासाठी हात पुसत पुढे निघाला होता.
क्लाइव्ह बघत होता माझ्याकडे,
पॅव्हेलियनच्या पायरीवरून आमचा कॅप्टन संधू बघत होता,
आणि उजव्या खिशात, माझ्या मुठीत,
घामाने ओला झालेला
एक.

मी साधू नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.
गेल्या वर्षी विदरबीच्या मैदानावर
असाच एक मुठीत दाबून मी म्हटलं होतं, "ओव्हर."
त्यांचा म्हातारा स्पिनर वळला, टोपी मागितली, मी दिली.
"थँक्स, अंपायर," म्हणाला.
त्या थँक्सचं काय करायचं असतं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
रात्री आमटी-भात जेवलो, झोप लागली.
चांगली लागली, तेच वाईट.

म्हणून आज जे बोललो त्यात धैर्यबिर्य काही नव्हतं.
"एक," मी म्हणालो. चक्क मराठीत.
कॅलमने भुवया उचलल्या.
"वन," मी दुरुस्त केलं,
आणि आता मागे घ्यायला काही उरलं नव्हतं.

मधली दांडी उडाली तेव्हा
लाकडाचा आवाज मेंढ्यांपर्यंत गेला असावा,
एकीने मान वर केली.
क्लाइव्ह ग्लोव्हज काढत माझ्याजवळून गेला.
"पत्ता बरोबर होता," म्हणाला. "माझंच पत्र."

संधू काही बोलला नाही. बेल्स मोजून डब्यात ठेवल्या,
दोनच असतात, तरी मोजल्या.
त्याची पोरगी हर्लीन, बारा वर्षांची,
वही पुढे करून म्हणाली, "अंकल,
मी पेन्सिल उचलून थांबले होते."
पाच ठिपके, आणि सहाव्या जागी डब्ल्यू.

मग खुर्च्या आत नेता नेता
मी कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली.
तेव्हा लिहायच्या मिसेस ऑडली. जानेवारीत गेल्या.
विणता विणताही चेंडू चुकवत नसत.
निर्धाव षटकाचे सहा ठिपके,
तीन इकडे तीन तिकडे मांडून त्या जोडत,
आईच्या रांगोळीसारखे, की इंग्रजी एम उमटे.
पाच ठिपक्यांचा एम होत नाही.
एक पाय अधू राहतो.

विदरबी. शेवटचं षटक. सापडलं.
पाच ठिपके निळ्या शाईतले.
सहावा पेन्सिलीचा, बारीक,
मागाहून दिलेला.
रेघा मात्र त्यांनी ओढल्या नव्हत्या.

मी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.
बाहेर क्लाइव्ह हॉर्न वाजवत होता,
अंधार पडत होता,
आणि कोट अजून माझ्या अंगावरच होता.