आखूड तंतू

हल्लाकोस्कीत नोव्हेंबरचा सूर्य
तीन वाजताच अंग चोरून निघून जातो.
मागे उरतो गिरणीचा उजेड,
आणि वास, उतू गेलेल्या कोबीचा.
पाहुणे नाक मुरडतात.
आम्हाला मात्र सुट्टीवर गेलो की चुकल्याचुकल्यासारखं होतं,
दोन दिवसांनी कळतं, वास नाहीये.

एका दारातून ओंडके येतात, स्प्रूसचे,
सालीत अजून बर्फ धरून.
फिरत्या ढोलात एकमेकांवर आपटून
आपणच आपली साल काढतात.
मग चकत्या, काडेपेटीहून लहान,
मग ती सातमजली हंडी, क्षार, वाफ, आणि कित्येक तास.
ज्याच्या जोरावर झाड ताठ उभं असतं
तो चिकटा सुटतो, काळं पाणी होतो.
ते काळं पाणीच आम्ही जाळतो.
"झाड स्वतःच्याच जाळावर शिजतं,"
वेइनो म्हणायचा, "आणि वर
गावाला आंघोळीचं पाणी तापवून देतं.
अशी सून मिळत नाही."

दुसऱ्या दारातून खोकी. ते दार माझं.
केळ्यांची, बुटांची, टीव्हीची,
दाबून, तारेने आवळून, गठ्ठ्यांवर गठ्ठे.
पट्ट्यावरून चढतात आणि कोसळतात
कोमट पाण्याच्या भोवऱ्यात.
दहा मिनिटांत कुणाचं नावगाव राहत नाही,
नुसती राखाडी पेज.

त्या भोवऱ्यात एक दोरखंड सोडलेला असतो.
जे जे कागद नाही ते त्याला जाऊन बिलगतं:
तार, सुतळी, चिकटपट्टी, प्लास्टिक,
एकदा तर कुणाचा तरी हातमोजा.
त्याची आपोआप वेणी वळत जाते, मांडीएवढी जाड.
दर पाळीला मी ती हातभर वर ओढून घेते,
कापते. हिरवट, ठिबकणारी.
माझ्या लेकीचे केस मी इतक्या निगुतीने
कधी विंचरले नसतील.

त्या मंगळवारी पट्ट्यावर एक खोकं
गठ्ठ्यातून अर्धं बाहेर लोंबत आलं.
काळ्या शाईत: "४. काच. हळू!"
चारचा आकडा उलट्या खुर्चीसारखा.
एकोणीस वर्षं पाळीच्या वहीत
मी तो चार वाचलाय.
वेइनो एप्रिलमध्ये गेला.
साइमीने घर विकलं, हे ऐकलं होतं.
माळा रिकामा केला असणार.

मी पट्टा थांबवला.

खाली भोवरा फिरत राहिला, नुसत्या पाण्याचा.
खोक्यात काही नव्हतं. काय असणार?
एका कोपऱ्यात वर्तमानपत्राचा बोळा,
अजून बशीच्या आकाराचा.

तंतूला सहा-सात जन्म असतात.
दर वेळी भिजतो, तुटतो, आखूड होतो,
शेवटी जाळीतून पाण्याबरोबर निसटून जातो.
म्हणून प्रत्येक लगद्यात थोडं नवं झाड घालावं लागतं,
लांब तंतूचं,
म्हातारी मंडळी रस्ता ओलांडताना
कुणाचा तरी दंड धरतात तसं.
हेही त्यानेच शिकवलं, आणि लगेच म्हणाला,
"कॉफी कुणी संपवली?"

मी पट्टा सुरू केला.
वहीत लिहिलं: थांबा, दोन मिनिटं. कारण: काच.
ओस्मोने वाचलं, नवा आहे, घाबरला.
"लगद्यात काच गेली?"
"नाही," म्हटलं, "जपून घेतलं एवढंच."

पलीकडे यंत्रावर पाण्याचा पडदा
जाळीवर पडत होता, शंभरात एक भाग तंतू,
बाकी सगळं पाणी. मग लोकर, दाब,
तापल्या लोखंडाचे चाळीस रूळ,
आणि टोकाला तपकिरी कागद,
हात ठेवला तर पावासारखा ऊन.
उद्या त्याची खोकीच होणार.

दुसऱ्या पाळीला वेणी कापली.
तीत चिकटपट्टी होती, नेहमीसारखी,
वीतवीतभर, पिवळी पडलेली.
कुठली कुणाची, ते काही सांगता येत नाही.