शुद्धिपत्र

विक्रोळीच्या कारखान्यात होते तेव्हा
मी कॉम्प्रेसरची मॅन्युअलं लिहायचे.
एका वाक्यासाठी दोन जिने उतरून शॉपफ्लोअरवर जायचं.
पाष्टे फिटर म्हणायचे, "बाई, आधी हात घाला,
पाना बसतोय का बघा, मग काय ते लिहा."
ड्रॉइंगमध्ये बसलेला पाना
तिथे बसायचा नाही.

छापून आलं की संपलं.
दोन हजार प्रती, खळीचा वास,
आणि चूक सापडलीच तर पिवळी चिठ्ठी :
पान त्रेचाळीस, ओळ सहा,
'डावीकडे'ऐवजी 'उजवीकडे' वाचावे.
एकेका प्रतीत मी ती हातानं चिकटवली.
ज्या प्रती आधीच गेल्या होत्या
त्या रात्री छातीवर येऊन बसायच्या.

आता मालाडला, अकराव्या मजल्यावर,
बटणांबद्दल लिहिते.
बटण सोमवारी निळं असतं, 'जतन करा' म्हणतं,
गुरुवारी ते नसतंच.
निहारिका म्हणते, "टाक गं आत्ता, रिलीजला बदलू."
बदलतो. जुनं वाक्य कुठे गेलं, कुणी विचारत नाही.
चुकलं तर दुपारपर्यंत दुरुस्त,
जणू चुकलोच नव्हतो.
कुणाचं बोट जात नाही.
एकदा तीनशे माणसांचे पगार अडकले
माझ्या एका 'नाही'मुळे.
पण ती माणसं मला दिसली नाहीत.
बोट दिसलं असतं.

परवा ससून डॉकवरून फोन,
बर्फाच्या कारखान्यातून.
कंपनी कधीच बंद पडली, नंबर पाष्ट्यांनी दिला.
"मशीन चालू आहे हो, पुस्तकाची पानं गेलीत."
गेले.

मोतीराम तांडेलांनी कोळंबीच्या पिशवीतून पुस्तक काढलं.
पान त्रेचाळीस. पिवळी चिठ्ठी नाही.
'डावीकडे' बॉलपेननं खोडलेलं,
वर ठसठशीत 'उजवीकडे',
खाली तारीख. तेवीस वर्षांपूर्वीची.
"कुणी लिहिलं?"
"वडिलांनी."
त्यांना कसं कळलं
ते मी विचारलं नाही.

चव्वेचाळीसावं पान तेलानं पुसून गेलेलं.
त्यांनी मशीन थांबवलं, मेन स्विच काढला.
मी बाही वर केली, हात घातला,
गार लोखंडावर पाना बसवून पाहिला.
मग बर्फाच्या लादीशेजारी उकिडवी बसून
त्याच पानावर लिहिली
चार वाक्यं.

"खाली तारीख टाका,"
तांडेल म्हणाले.