बसणारा

वीस वर्षं केळीचा ट्रक नेला मी दिल्लीला.
आता पगार मिळतो हात मांडीवर ठेवण्याचा.
स्टिअरिंग आपलं आपण फिरतं,
अंगात आल्यासारखं, पण उदबत्तीशिवाय,
आणि मी समोर बघत बसतो
पहिल्यांदा सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखा,
कशालाही हात न लावता.

फैजपूर ते यावल, यावल ते फैजपूर.
छतावर भिरभिरणारा डबा.
पोरं ओरडतात, नकाशावाले आले, नकाशावाले!
मी काचेआडून हसतो. बोलायची परवानगी नाही.
सही केलीय मी सतरा पानांवर,
त्यातलं एकही मराठीत नव्हतं.

रस्त्याची सही कोणी घेतली?
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर
पाणीपट्टी थकलेल्यांची नावं आहेत,
गाडीचं काहीच नाही.

परवा, हंबर्डीच्या वळणावर, साडेचारला,
नूरबाई तडवी रस्ता ओलांडत होती,
डोक्यावर केळीच्या पानांचा भारा,
भारा एवढा की खाली नुसते दोन पाय.
पडद्यावर तिच्याभोवती चौकोन उमटला, हिरवा,
आणि चौकोनावर शब्द: झुडूप.
झुडूप रस्ता ओलांडत नाही, असं गाडीला शिकवलेलं.
तिने वेग कमी केला नाही.
माझा पाय गेला खाली.
पाय कोणाला विचारत नाही,
पाय वीस वर्षं घाटात जागलेला आहे.
टायर किंचाळले. पानं सांडली.
बंपर आणि तिचं लुगडं यांच्यात
एक वीत.
मी उतरून मोजली.

मागच्या सीटवर पुण्याची पोरगी, ईशिता.
तिचेही ओठ पांढरे.
संध्याकाळी तिने लिहिलं:
गाडीला माणूस ओळखता आला नाही.
रात्री फोन आला, लांबलचक.
ती फक्त हो सर, हो सर म्हणत होती.
सकाळी कागदावर होतं:
चालकाचा अनावश्यक हस्तक्षेप. एक.
मी म्हटलं, अनावश्यक?
ती म्हणाली, काका, हा शब्द माझा नाही.
मग कोणाचा, हे तिलाही माहीत नसावं.

गाडी चुकते, याचं मला काही नाही.
मीही चुकलोय. सेंधव्याच्या घाटात एकदा
बैलगाडीला घासलो, तर लोकांनी खाली ओढून
माझं नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं,
दोन ठेवून दिल्या,
मग पाणी पाजलं.
हिला मारायची कुठे?
पाणी कोणाला पाजायचं?

काल टपरीवर नूरबाईने गाठलं मला.
"मले काय समजली रे ती गाडी?"
मी सतरा पानं गिळली. म्हटलं, झुडूप.
ती हसली. इतकी, की पदर तोंडात कोंबला.
"ते ठीक. पाला व्हता डोक्यावर.
पन कागदावर काय लिव्हलं तुम्ही?"
मी चहात बघितलं.
"मी हाये का त्या कागदावर?"

नव्हती.
भारा नव्हता. वीतही नव्हती.

आज पहाटे, स्टँडजवळच्या फळ्यावर,
जिथे केळीचा भाव लिहितात,
भावाखाली थोडी जागा होती.
खडू ओला, अक्षर फुटत होतं.
लिहिलं:
उद्या दहा ते चार, यावल रस्ता.
गाडी चालवणारं कोणी नाही.
शिकतेय. परवा तिला एक बाई दिसली नाही.
बसणारा, लीलाधर नेहेते, आमोदे.
मग जरा थांबून मोबाइल नंबरही टाकला.

भाव बघायला आलेला पहिला माणूस म्हणाला,
पन्नासने उतरला की.
मग त्याची नजर खाली आली.
त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून
ओठ हलवत वाचायला लागला.