चिंध्यांचं निशाण

त्यांच्याकडे जरीचं होतं.
लाल रेशमावर सोन्याचा सूर्य,
सम्राटाच्या नावाने क्योतोत विणलेला म्हणे.
तो वाऱ्यावर उलगडला त्या सकाळी
आम्ही बंडखोर ठरलो.
आदल्या रात्री झोपलो तेव्हा राखणदार होतो.

आमच्याकडे आयझूचा किल्ला होता,
महिन्याभराचा तांदूळ,
आणि ओल्या गोधड्या.
तोफगोळा अंगणात पडून फुसफुसू लागला
की आम्ही बायका धावायचो,
भिजली गोधडी टाकायचो त्याच्यावर,
किरकिऱ्या पोरावर टाकावी तशी.
बहुतेक वेळा तो निजायचा.
किनूच्या पाळीला निजला नाही.

मग एका रात्री वरून निरोप आला :
पांढरं निशाण शिवा. मोठं हवं. लांबून दिसेल असं.

पांढरं?
पांढरं सगळं आम्ही केव्हाच फाडून
जखमांना बांधून टाकलं होतं.
गठ्ठेच्या गठ्ठे लाल होऊन
खंदकाकाठी पडले होते.

शोधाशोध केली.
एका बाळाचं अर्धं अंगडं मिळालं.
पोराविना परत आलेली डोक्याची पट्टी.
तोफगोळ्यांची पुडी बांधतात तसलं काहीतरी.
ओत्सुगी म्हातारीने मरणासाठी जपलेला झगा
पेटीतून काढला, दोनदा झटकला,
म्हणाली, घ्या, मी जाईन आहे तशीच.

दिवा मिणमिणता. कोणी बोलत नव्हतं.
डोळ्यांतलं पाणी सुईला आडवं येत होतं.
बारा वर्षं मी शिवत होते तोवर,
इतकं वाईट कधीच शिवलं नव्हतं.

सकाळी बांबूवर चढलं.
तेव्हा दिसलं,
त्यातलं कुठलंच पांढरं
दुसऱ्या पांढऱ्यासारखं नव्हतं.

दरवाज्यापाशी त्यांचा एक पोरगा उभा होता,
पार दक्षिणेचा, सात्सुमाचा.
निशाणाचं टोक हातात धरून काहीतरी विचारत होता.
त्याची बोली आम्हाला कळेना,
आमची त्याला.
नंतर कोणी अर्थ सांगितला :
हे कोणी शिवलं?
त्याची आई शिवणकाम करायची म्हणे.

पुढे आम्हाला उत्तरेला हाकललं.
तिथे मातीत वाळूच जास्त,
आणि वाऱ्याला कोणी आवरणारं नाही.
पोटासाठी मी आता नव्या सरकारचे गणवेश शिवते,
काळी लोकर, पितळी बटणं,
सरळ शिवण.

नऊ वर्षांनी बातमी आली, सात्सुमात बंड झालं.
यावेळी बंडखोर ते.
माझा भाचा सेइनोसुके पोलिसात भरती झाला,
जुना हिशोब चुकवायचाय म्हणाला.
त्याची बटणं मीच लावली, दुहेरी दोऱ्याने.
तो दिसेनासा होईस्तोवर दारात उभी राहिले.

परत येऊन सुई उचलली
तर ओवताच येईना.
तो टोक धरून उभा असलेला पोरगा,
आता तिशीचा झाला असेल.
त्याच्या आईकडे
पांढरं काही शिल्लक असेल का?