कीस

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
म्हणून माझी गणितं सोमवारीच अडतात, असं आई म्हणते.
इतर दिवशी खालच्या शेडमधलं लेथ
पाढे म्हटल्यासारखं चालू असतं
आणि मला त्यात बरं सुचतं.

त्या मंगळवारी आवाज असूनही सुचेना.
गोल चकतीचं जडत्व-आघूर्ण काढा, मध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती.
तिसऱ्यांदा उत्तर आलं एम आर वर्ग.
पुस्तकाच्या मागे त्याच्या निम्मं.
क्लासचे सर म्हणाले होते, पाठच करून टाका.
मनस्विनीने नुसत्या उत्तराचा फोटो पाठवला,
खाली अंगठा.

जिना उतरले.
इलाहीमामा चहाच्या ग्लासातली माशी काढत होते.
वही लांब धरून, चष्म्याशिवाय वाचली.
"सगळं वजन कडंला धरलंयस की गं.
मधलं लोखंड काय फुकट आलंय?"

मग एक चकती चकमध्ये आवळली,
टूल अलगद काठाला टेकवलं
आणि काठ सोलत निघाला, निळसर, वळत वळत.
"बिडाचा भुगा पडतोय. ह्ये पोलाद, म्हणून सलग येतंय.
बग, ह्यो तुझा डी आर.
हात लावू नको, भाजतंय."

बाहेरचा वेढा लांब, आतला आखूड,
आत जावं तसं वजनही उतरतं, अंतरही.
मी पालथ्या डब्यावर बसून मांडत गेले,
शून्यापासून काठापर्यंत.
आरचा घन, मग चौथा घात, खाली चार,
दोन पाय बाहेर,
आणि एक छेद दोन असा आला
जसा पंगतीला उशीर झालेला माणूस
गुपचूप पाटावर बसतो.

"तुम्ही हे कुठं शिकलात?"
"बीएस्सी. दुसऱ्या वर्षापतोर.
फी भरायची आणि ह्ये लेथ विकायला निघालेलं,
एकाच जूनमध्ये."
त्यांनी बटण बंद केलं.
चक थांबायला बराच वेळ घेतो.
का, ते आता मला वहीत दाखवता आलं असतं.

गार झालेला कीस मी उत्तराशेजारी सेलोटेपने चिकटवला.
शुक्रवारी वही परत आली, दहापैकी आठ.
"दोन कुठं गेलं?"
पानावर गंज उतरला, अस्वच्छतेचे कापले.
मामा हसले नाहीत.
तो तांबडा डाग अंगठ्याने घासून बघितला.
"आधी तेल लावाय पायजे होतं," म्हणाले,
"माझीच चूक."